ओच्यातले दगड

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला भिमाजीआप्पा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आत एकवार नजर फिरवली आणि चपलासुद्धा न काढता म्हणाले, “त्यो पाळणा बाहेर काढा. न्हाईतर उद्या मला बोलवू नका.”

आत सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सुनील शिडीवर चढून पताका बांधत होता, तो तसाच शिडीवर राहिला. त्याची बायको उज्ज्वला रंगीत प्लॅस्टिकचे चेंडू पोत्यातून हौदात ओतत होती. तिचे हात थांबले, पण चेंडू काही थांबले नाहीत, ते टपाटप पडतच राहिले. सुनीलच्या आई, ठकूबाई, तेवढ्या दाराजवळ बसून तोरणाला आंब्याची पानं ओवत होत्या. त्यांनी वर न बघता पुढचं पान ओवलं. धाकट्या दिराचा राग त्या पन्नास वर्षं ओळखत होत्या.

“आप्पा, आधी आत तर या,” सुनील म्हणाला. “चहा घ्या.”

“चहा घरी हाय.”

आणि ते दाराबाहेरच्या फरशीवर बसले. गेले नाहीत, हे महत्त्वाचं. रागावलेला माणूस निघून न जाता दारात बसला, तर त्याला अजून काहीतरी बोलायचं असतं. पिंपरी पेंढारच्या या घराण्यात तरी असंच होतं.

शेड सुनीलच्या वडिलांचं, कुंडलिकरावांचं. द्राक्षांचे दिवस चांगले होते तेव्हा त्यांनी आणि भिमाजींनी मिळून ते पॅकिंगसाठी बांधलं होतं. बाग गेली, कुंडलिकराव तीन वर्षांपूर्वी गेले, शेड राहिलं. आता त्यात एका बाजूला ट्रॅम्पोलिन होतं, जाळीचा बोगदा होता, दोन घसरगुंड्या, चेंडूंचा हौद आणि टपाटपा बटणं दाबायची दोन मशीनं. पालकांना बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हे सगळं उज्ज्वलाचं खूळ. दोन वर्षांपासून बिबट्या थेट मळ्यातल्या अंगणापर्यंत येत होता. आधी शेजारची शेळी गेली, मग दोन कुत्री, मग एका संध्याकाळी उज्ज्वलाची सोनल शाळेतून सायकलवर येताना तो उसातून निघून तिच्यासमोरून रस्ता ओलांडून गेला. पोरीला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मळ्यात पाच वाजता दारं लागू लागली. मुलं घरात कोंडली गेली ती कोंडलीच, आणि त्यांच्या हातात मोबाइल आले. आमच्याकडच्या मुलांना धावायलासुद्धा वर पत्रा लागतो, असं सांगितलं तर पुण्याची माणसं हसतील. पण लागतो, त्याला काय करणार.

इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती शेडच्या मधोमध उभ्या असलेल्या रहाटपाळण्याला. चार लाकडी पाळण्यांचा, हातानं फिरवायचा तो जुना पाळणा, कुंडलिक आणि भिमाजी या भावांनी वीस वर्षं जत्राजत्रांतून मिरवलेला. सत्तावीस वर्षं त्याचे सुटे भाग या शेडच्या आढ्याला बांधून ठेवलेले होते. सुनीलनं ते उतरवले, नारायणगावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून नवे बेअरिंग, कमरेचे पट्टे आणि पायानं दाबायचा ब्रेक बसवून घेतला, आणि लाकडाला लाल-पिवळा रंग दिला. भिमाजींना मात्र कुणीच सांगितलं नाही. आधी सांगितलं तर नाही म्हणतील, उभा केलेला बघितला तर विरघळतील, असा हिशेब होता. हिशेब साफ चुकला.

“मी म्हणलं व्हतं का न्हाई?” गोकुळनं दबक्या आवाजात सुनीलला धरलं. गोकुळ भिमाजींचा मुलगा. चाकणच्या कंपनीत नोकरी, आणि उद्याच्या उद्घाटनासाठी बायको मोहिनी आणि पाच वर्षांच्या हर्षालीला घेऊन दुपारीच आला होता. “फोनवर सांगितलं व्हतं, पाळणा नको. त्या जागेवर बॉलिंगचं मशीन बसवू. ऐकलं न्हाई तुमी.”

“बॉलिंग पुण्यात बी हाय,” उज्ज्वला म्हणाली. “ह्यो पाळणा फक्त आपल्याकडं हाय, भावजी.”

“वहिनी, हाय म्हणून काय छातीवर ठेवायचा?”

“मला तर आवडला,” मोहिनी मध्येच म्हणाली. गोकुळनं बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनं चाकणलाच राहायला हवं होतं. पण मोहिनी त्या नजरेला सरावलेली होती. ती उठली आणि उज्ज्वलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघी जावांचं गेल्या दिवाळीपासून धड बोलणं नव्हतं, त्यामुळे हे सगळ्यांनीच नोंदवून ठेवलं.

गोकुळला पाळण्याचा राग नव्हता. त्याला राग होता तो त्या दिवसाचा. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. गावची चैत्रातली जत्रा, उन्हात रेवड्यांचा वास, आणि वडील पाळण्याच्या खांबाशी उभे. भिमाजींचं नाव तेव्हा खोडदपासून महाळुंगे पडवळपर्यंत होतं, ते त्यांच्या नजरेमुळे. हातानं फिरवायच्या पाळण्यात समोरासमोर सारखं वजन लागतं, नाहीतर तो हिसका देतो. बाकीचे पाळणेवाले अंदाजानं बसवत. भिमाजी माणसाकडे एकदा बघत आणि किलो सांगत. लोक पैज लावून कांद्याच्या काट्यावर उभे राहत आणि पैज हरत. ज्याला समोर जोड मिळायची नाही, त्याला ते बसवत नसत. अगदीच किडकिडीत पोर असेल तर म्हणत, “जोड न्हाई. जा, जेवून ये.” सगळी जत्रा हसायची.

त्या दिवशी पाळणा हिसकला. कुंडलिककाकांनी खाली हात घातला, खांब आणि आरा यांच्यामध्ये त्यांचा उजवा पंजा सापडला. दुसरं कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. भिमाजींनी जत्रेच्या मध्यावर पाळणा सोडवला, आणि तेव्हापासून ते कुठल्याही जत्रेला गेले नाहीत. ‘भिमाच्या नजरेला गंज चढला’ हे वाक्य गोकुळनं शाळेत, पारावर, सलूनमध्ये ऐकलं होतं. उद्या तीन वस्त्यांतली माणसं इथं येणार आणि पाळण्यासमोर वडिलांना उभं करून पुन्हा तेच बोलणार, एवढंच त्याला नको होतं. हे त्यानं सरळ सांगितलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण सरळ सांगेल तो गोकुळ कसला.

तेवढ्यात हर्षाली पळत पळत दाराशी गेली आणि आजोबांच्या मांडीवर हात टेकून म्हणाली, “आजोबा, मला पाळण्यात बसवा ना.”

भिमाजींनी तिच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत मोडली नव्हती अशी सवय तोंडातून निघून गेली.

“चौदा किलो,” ते म्हणाले. “जोड न्हाई, बाळा. जा, जेवून ये.”

“मी जेवलेय.”

“मंग परत जेव.”

मोहिनी हसली. गोकुळ हसायच्या बेतात होता. उज्ज्वलाच्या हातातलं पोतं मात्र सुटलं आणि उरलेले चेंडू फरशीभर पसरले. ती ते गोळा करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

ठकूबाईंनी तोरणाची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि उठून दिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भावजी, लई झालं. फिरू द्या त्याला.”

“वैनी, तू ह्यात पडू नको.”

“मी न्हाई पडायचं तर कोणी पडायचं? हात माझ्या नवऱ्याचा गेला. मी कधी तुमाला बोलले?”

“तेच तर,” भिमाजी म्हणाले. “बोलली असतीस तर बरं झालं असतं.”

ठकूबाईंची नजर पाळण्याकडे गेली. त्यांना आठवलं ते वेगळंच. हात गेल्यावर कुंडलिकराव डाव्या हातानं जेवायला लागले आणि लोकांत लाज वाटते म्हणून त्यांनी पंगतीला बसणं सोडलं. लग्नकार्याला जायचे, अक्षता टाकायचे आणि उपाशी परत यायचे. बारा वर्षं तसं चाललं. मग उज्ज्वला सून म्हणून घरात आली. तिसऱ्याच दिवशी तिनं त्यांच्या ताटातली भाकरी आमटीत कुस्करली, वर चमचा ठेवला आणि ताट माजघरात न नेता ओसरीवर, सगळ्यांच्या पंगतीत मांडलं. त्या दिवसापासून ते जाईपर्यंत एकही भाकरी त्यांनी स्वतः कुस्करली नाही. ठकूबाई देवापुढं दिवा लावताना दोन माणसांची नावं घेत, त्यातलं एक सुनेचं होतं. सुनेला अर्थातच हे माहीत नव्हतं. सुनांना सगळंच सांगायचं नसतं.

“कुंडलिकदादाचा हात माझ्यापायी गेला,” भिमाजी म्हणत होते. “सुन्या, तू बेअरिंग बसव, ब्रेक बसव, काय पायजे ते कर. ब्रेक माणसात लागतो. उद्या ह्यात परक्यांची पोरं बसणार. मी ह्या दारातनं आत येणार न्हाई, आन मी आत न्हाई म्हणजे ह्यो पाळणा माझ्या नावावर फिरायचा न्हाई. बस.”

“तुमच्यापायी न्हाई गेला, आप्पा.”

उज्ज्वला उभी राहिली होती. तिच्या हातात एक निळा चेंडू होता, तो तिनं ठेवला नाही.

“माझ्यापायी गेला.”

सुनील शिडीवरून खाली उतरला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

“काय बोलतीस तू?”

“तुमी थांबा जरा, मला बोलू द्या. आज न्हाई बोलले तर परत तोंड व्हायचं न्हाई.” तिनं श्वास घेतला. “माझा मामा ह्याच गावात ऱ्हायचा. दरसाल जत्रेला मी महाळुंग्यावनं यायचे. सात वर्षांची व्हते तवा ह्या पाळण्यापाशी आले. आप्पा म्हणले, पंधरा किलो, जोड न्हाई, जा जेवून ये. मी मामाकडं गेले, दोन भाकरी खाल्ल्या, तांब्याभर पाणी प्याले आन परत आले. आप्पा म्हणले, पाणी धरत न्हाई मी, पुढच्या साली ये.”

मोहिनीला हसू येत होतं आणि आता हसावं की नाही हे समजत नव्हतं.

“पुढच्या साली सोळा. परत पाठवलं. सगळे हसले. वर्षभर मी जेवताना मनात एकच धरून जेवायचे. पण आमच्या घरी मागून वाढणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या साली मी वढ्यात गेले, पाच दगड घेतले आन परकराच्या ओच्यात बांधले. आप्पांनी बघितलं आन म्हणले, बस. मी बसले.”

बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली.

“वर गेल्यावर मला मामाचं घर दिसलं. कौलावर मामी मिरच्या वाळत घालत व्हती. मला लई आनंद झाला. मी तिला हात केला, दोन्ही हात. आन ओचा सुटला. दगड गेले खाली. मंग पाळणा हिसकला.” तिनं चेंडू दोन्ही हातांत धरला. “खाली कुणीतरी वरडलं. मला खाली उतरवलं तवा एका माणसाचा हात रक्तानं माखला व्हता आन त्यो माणूस मला विचारत व्हता, बाळा, तुला लागलं का? मी पळाले. कुणाला सांगितलं न्हाई. बारा वर्षांनी स्थळ आलं, पिंपरी पेंढारचं. लग्नात सासऱ्याच्या पाया पडायला वाकले आन समोर त्यो हात.”

सुनीलनं तोंडावरून हात फिरवला. “पंधरा वर्षं,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं मला बोलली न्हाईस?”

“बोलले असते तर तुमी बाबांच्या हाताकडं बघताना परत्येक वेळी माझ्याकडं बघितलं असतं.”

ते खरं होतं, हे सुनीललाही माहीत होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. सगळेच आता ठकूबाईंकडे बघत होते. हात त्यांच्या नवऱ्याचा होता.

ठकूबाईंनी विचारलं, “किती दगड म्हणलीस?”

“पाच.”

“म्हणजे भावजींची नजर चुकली न्हाई. पोरीनं फशिवलं.” त्या दिराकडे वळल्या. “ऐकलं का? सत्तावीस वर्षं कपाळाला हात लावून बसलात ते ह्या पाच दगडांसाठी.”

भिमाजी फरशीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

“मला म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“काय म्हाईत हाय?”

“दगडांचं. ती आली तवा ओचा धरून, पाय आत टाकत चालत आली. पोर अठरा किलोची, चालीत वझं तीस किलोचं. आंधळ्याला बी कळलं असतं.” त्यांनी पहिल्यांदा उज्ज्वलाकडे सरळ बघितलं. “माणूस वाढतं, पाय टाकायची ढब वाढत न्हाई. तू सून म्हणून माप ओलांडलंस तवाच म्या वळखलं.”

उज्ज्वलाच्या हातातला चेंडू खाली पडला आणि घरंगळत बोगद्यात गेला.

“बघितलं आन तरी बसवलं?”

“तिसरं साल व्हतं तुझं. मला वाटलं, एवढा खटाटोप करून पोर आलीय, आता परत कशी पाठवू. दगड सुटले तर काय व्हईल, हे मनात आलं न्हाई असं न्हाई. आलं. तरी बस म्हणलं. लोकं म्हणली, भिमाची नजर चुकली. नजर चुकली असती तर म्या दुसऱ्या साली परत पाळणा उभा केला असता, चुकती कधी नजर. पण मला दिसलं व्हतं. कामावर उभा असताना दया आली, आन भावाचा हात गेला. म्हणून म्हणतो, मला परत तिथं उभं करू नका. उद्या परत दया येईल.”

गोकुळ वडिलांकडे बघत राहिला. शाळेत, पारावर, सलूनमध्ये ज्या वाक्यासाठी त्यानं मारामाऱ्या केल्या होत्या, ते वाक्यच खोटं होतं, आणि वडिलांनी ते एकदाही खोडलं नव्हतं.

“आण्णा,” त्यानं वडिलांना विचारलं, “थोरल्या काकांना सांगितलं व्हतं?”

“लग्नाच्या दिवशीच सांगितलं. म्हणलं दादा, ही ती पोर. त्यानं हाताकडं बघितलं. मंग हसला. म्हणला, हात देऊन पोर आणली, भिमा. महाग न्हाई पडली.”

उज्ज्वला मटकन खाली बसली, तिथंच, चेंडूंच्या मध्ये. तिनं पदर तोंडाला लावला. बारा वर्षं ती ज्या माणसाच्या ताटात भाकरी कुस्करत होती तो सगळं जाणून ती खात होता, आणि वर रोज म्हणत होता, मीठ बरोबर पडलंय बरं का.

“आन मला?” ठकूबाई कडाडल्या. सगळे दचकले. “दोघं भाऊ मिळून पंधरा वर्षं बसलात व्हय गुपित धरून? ही बी बोलली न्हाई, त्यो बी बोलला न्हाई, तुमी बी न्हाई! घरात येडी मी एकटीच व्हते?”

“वैनी, तुला सांगितलं असतं तर...”

“तर काय, सुनेला हाकलली असती? एवढंच वळखलं व्हय मला?”

भिमाजींनी पायाशी आलेला चेंडू चपलेनं बाजूला सारला. या प्रश्नाला उत्तर देणं शहाणपणाचं नव्हतं, आणि ते शहाणे होते.

उज्ज्वलानं पदर बाजूला केला. “आप्पा, एक बोलू? तुमी त्याला पाप समजून बसलात. माझ्या बाजूनं बघा की. मला लहानपणी जिथं तिथं परत पाठवलं. बारीक म्हणून, मुलगी म्हणून, घरचं बरं न्हाई म्हणून. एकदाच कुणीतरी म्हणलं, बस. मला वाटायचं मी फशिवलं म्हणून बसले. आज कळतंय की तुमी बघून बसवलं.” ती थांबली. “ती दया मला आतापर्यंत पुरली. हे शेड मी कशावर उभं केलं असं वाटतं तुमाला? मला एवढंच पायजे, की ह्या दारातनं कुठलं पोरगं परत जाऊ नये. उपकार हायत तुमचे. बाबांचे हायत, तुमचे बी हायत. ते मला एकदा तोंडानं बोलायचं व्हतं.”

भिमाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चेहरा पुसायचं निमित्त केलं. बराच वेळ पुसत राहिले.

मोठ्यांचं हे सगळं चालू असताना एका व्यक्तीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती आता हौदातून बाहेर आली होती. हर्षालीनं फ्रॉकचा पुढचा घेर दोन्ही हातांनी वर धरला होता आणि त्यात मावतील तेवढे चेंडू भरले होते. लाल, पिवळे, हिरवे. ती पाय आत टाकत, मोठं ओझं असल्यासारखी कण्हत, सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेली.

“आजोबा,” ती म्हणाली, “बघा. आता मी जड झाले.”

मग भिमाजींच्या पोटातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की रडू, हे त्यांना तरी कळलं असेल की नाही, शंका आहे. सत्तर वर्षांचा तो माणूस दाराची चौकट धरून गदागदा हलत राहिला, आणि डोळ्यांतून पाणी गालावर, मिशीवर.

“झाली, झाली,” ते म्हणाले. “लई जड झाली माझी बाय.”

त्यांनी चपला काढल्या आणि आत आले.

पाळण्यापाशी जाऊन त्यांनी आधी खांबाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. आरा हलवून बघितला. ब्रेकवर पाय देऊन बघितला आणि “ठीक हाय” म्हणाले, जणू बेअरिंगला प्रमाणपत्र दिलं. ठकूबाईंनी उद्याच्या पूजेसाठी आणलेला नारळ उचलून एका पाळण्यात ठेवला. पहिला फेरा देवाचा, त्यात माणूस बसत नाही, हा या घराचा नियम. भिमाजींनी तो फेरा हळूच दिला. लाकूड एकदा करकरलं आणि मग गुमान फिरलं.

“आता मी!” हर्षाली ओरडली.

“आता तू. पण जोड पायजे.” भिमाजींनी मान वळवली. “उज्ज्वला, चौदा किलोचे दगड आण. पाचच आण. ह्या बारीला म्या मागवलेत म्हणून सांग सगळ्यांना.”

उज्ज्वला बाहेर पडली. पाच वाजायला आले होते. शेडच्या मागं पाया भरताना उरलेले दगड पडले होते आणि त्यांच्या पलीकडे लगेच ऊस. ती वाकणार एवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

“एकटी कुठं निघालीस? ऊस दिसत न्हाई व्हय?”

ठकूबाई काठी आपटत आल्या, उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “उचल.”

उज्ज्वलानं पदर पसरला. पहिला दगड तिनं टाकला. दुसरा ठकूबाईंनी वाकून उचलला आणि टाकला. तिसराही त्यांनीच.

“आत्या,” उज्ज्वला म्हणाली, “तुमी मला काय बोलला न्हाईत.”

“काय बोलू?” चौथा दगड पडला. “ते लाज सोडून पंगतीत बसाय लागले तवा म्या देवाला इचारलं व्हतं, ही पोर माझ्या घरात कुठनं आली. इचारलं व्हतं आपलं असंच. उत्तर आज मिळालं.” त्यांनी पाचवा दगड टाकला आणि पदराचं दुसरं टोक आपल्या हातात घेतलं. “चल. तुला एकटीला पेलायचं न्हाई. मागल्या येळी एकटीनं धरलं म्हणून सुटलं.”

एका पदरात पाच दगड आणि दोन्ही बाजूंनी दोघी, अशा त्या सगळ्यांसमोरून आत आल्या. गोकुळ पुढं झाला आणि त्यानं दगड एकेक करून पाळण्यात रचले. शेवटचा ठेवल्यावर वडिलांकडे बघितलं.

“चौदा?”

“साडेचौदा,” भिमाजी म्हणाले. “तिच्या चेंडवांचं धरून बरोबर हाय.”

मोहिनीनं समोरच्या पाळण्यात हर्षालीला बसवलं, पट्टा लावला. चेंडू ती सोडायला तयार नव्हती. सुनीलनं शेडचं मोठं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि सगळे दिवे लावले. भिमाजींनी आऱ्याला हात घातला. गोकुळ न सांगता दुसऱ्या बाजूला, कुंडलिककाका उभे राहायचे तिथं जाऊन उभा राहिला.

पाळणा वर गेला. पताकांच्याही वर, पत्र्याच्या जवळ गेल्यावर हर्षालीनं खाली बघितलं. तिला सगळ्यांची डोकी दिसली.

“थोरली आजी! मी इथंय!”

आणि तिनं दोन्ही हात वर केले.

फ्रॉकचा घेर सुटला. उज्ज्वलानं शेजारी ठकूबाईंचं मनगट गच्च धरलं. लाल, पिवळे, हिरवे चेंडू वरून सुटले, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या डोक्यावर, गोकुळच्या टकलावर आपटून शेडभर उड्या मारत गेले. पाळणा तसूभरही हलला नाही. समोर पाच दगड आपल्या जागी बसून होते.

“पडू द्या,” भिमाजी म्हणाले, आणि त्यांनी पुढचा फेरा दिला.